तीनावर जाईल

शनिवारी सकाळी आठ वाजता मिरजगावात शांतवन साळव्यांच्या अंगणात मोटार सुरू झाली आणि शांतवनरावांचा चेहरा पडला. सुरूच झाली नसती तर त्यांना इतकं वाईट वाटलं नसतं. बंद पडलेली वस्तू सरळ नादुरुस्त म्हणून बाजूला ठेवता येते. ही चालू होती, पण धड-धड-धड करून एक ठोका गिळत होती, पुन्हा धड-धड-धड, पुन्हा एक गिळत होती. दर गिळण्यासरशी मागे बांधलेली कृपाची ट्रंक उचकी लागल्यासारखी हलत होती.

"मिस मारतीय," स्टेअरिंगवर बसलेला अब्राहाम म्हणाला. अब्राहाम हा शांतवनरावांचा मेहुणा. लढाईत तीन वर्षं लष्कराचे ट्रक हाकून तो नुकताच घरी आला होता. "चारातला एक शिलिंडर झोपलाय. पन जाईल दाजी. तीनावर जाईल."

"तीनावर का म्हणून? चार आहेत ना?"

"हायती की. एक झोपलाय."

"कोणता?"

हा प्रश्न अब्राहामला अख्ख्या लढाईत कोणी विचारला नव्हता. तो स्टेअरिंग पुसू लागला.

शांतवनराव मात्र असा प्रश्न सोडून देणारे नव्हते. नगरच्या छावणीतल्या लष्करी भांडारात त्यांनी बावीस वर्षं कारकुनी केली होती. बारा म्हणून आलेल्या वस्तू बारा निघाल्या नाहीत तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. लढाई संपल्यावर लष्कराने नको झालेल्या गाड्या लिलावात काढल्या, त्यातली ही त्यांनी घेतली. गाडी चालवता येत नाही ही गोष्ट त्यांना घेताना फारशी महत्त्वाची वाटली नव्हती. तिच्या कागदावर 'सिलिंडर : चार' असं स्वच्छ लिहिलं होतं, आणि चार म्हणून त्यांनी ती सही करून ताब्यात घेतली होती.

खरं म्हणजे त्या दिवशी गाडीला तेवढं एकच काम होतं. कृपाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, नगरच्या एका दवाखान्यात नर्सच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती. पत्रात बजावलं होतं की शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत जी मुलगी हजर होणार नाही तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला देण्यात येईल. कृपाने हे पत्र इतक्यांदा वाचलं होतं की घड्यांवर ते फाटायला आलं होतं. नगर छत्तीस मैल. वेळ भरपूर होता, आणि भरपूर वेळ असला की शांतवनरावांना चौकशी सुचत असे. त्यांनी बॉनेट उघडलं आणि विहिरीत डोकवावं तसे आत डोकावले.

नऊला नगरला जाणारी सर्व्हिस मोटार दारावरून जाताना थांबली. ट्रंक बघून ड्रायव्हरने आपण होऊन विचारलं, "येताय का?"

"अहो, बसवून देऊ या पोरीला," मरियाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "मी जाते सोबत. गाडीचं मग बघत बसा दिवसभर."

"घरची गाडी दारात असताना?" शांतवनराव म्हणाले, आणि ड्रायव्हरला त्यांनी ऐकू जाईल असं सांगितलं, "आमची गाडी आहे."

सर्व्हिस मोटारीतली माणसं माना वळवून त्यांच्या गाडीकडे बघू लागली. तिनं नेमका तेव्हाच एक ठोका गिळला. ड्रायव्हर निघून गेला.

त्याच्या धुळीतून शेजारचे कानिफनाथ आले. तोंडात दातवण, खांद्यावर पंचा. देवळातल्या भजनाला आणि नाताळात चर्चमधल्या गायनाला गावात पखवाज एकच होता, आणि तो वाजवणारे हे एकच. गाडीपाशी येऊन त्यांनी दातवण काढलं, डोळे मिटले आणि चार बोटं मडगार्डवर ठेवली.

"कुनी बोलू नका." जरा वेळानं ते म्हणाले, "तिसरी मात्रा जातीय."

"नक्की?"

"साळवेभाऊ, तीस वरसं पखवाजावर हात हाय. तिसरी."

शांतवनरावांना ताल कळत नव्हता, पण आकडा कळला. अब्राहामने गाडी बंद करून तिसऱ्या सिलिंडरचा ठिणगी पाडणारा प्लग पाना लावून काढला. प्लगचं टोक बिस्किटासारखं तांबूस होतं.

"ह्यो तर खाऊनपिऊन सुखी हाय," अब्राहाम म्हणाला.

"कानिफनाथभावजी," मरियाबाईंनी विचारलं, "तुम्ही मोजायला पहिली कुठून धरली?"

"समेवरनं."

"गाडीला सम कुठं असते?"

कानिफनाथांनी गाडीच्या नाकाकडून मागच्या ट्रंकेपर्यंत एकदा नजर टाकली. "सम असल्याबिगार चालंल कशी?" ते म्हणाले, पण आवाजात पहिला जोर नव्हता. पुन्हा गाडी लावून ऐकलं तर तोच गिळलेला ठोका कधी पहिला वाटे, कधी चौथा. जिथून मोजायला घ्यावं तसा त्याचा नंबर बदले. वर्तुळावर पहिलं घर कोणतं, अशातली ती गत होती. कानिफनाथ मडगार्डवर बोटं ठेवून तसेच बसून राहिले. त्यांचा दिवस त्या प्रश्नाने बिघडवला होता.

"असं अंदाजाने नको," शांतवनराव म्हणाले. "सगळं काढू, पुसू, नंबर घालू, आणि नंबराप्रमाणे बसवू."

"दाजी, तीनावर जाईल वो ती."

"तू पाना दे."

त्यांनी जुनं धोतर फाडून अंगणात अंथरलं. चारही प्लग काढून रॉकेलमध्ये धुतले. इंजिनाच्या अंगाला एक काळी टोपी होती. तिच्यातून वीज नेणाऱ्या चार वायरी निघून चार प्लगांना जात. त्याही त्यांनी दोन्ही टोकांनी सोडवल्या. पुठ्ठ्याच्या चकत्या कापून शाईने आकडे घातले आणि दोऱ्याने प्लगला, वायरीला बांधले. धुतल्यावर चारही प्लग सारखेच गोरे दिसत होते. मग त्यांनी सगळं परत बसवलं. टोपीवर गोल फिरत एक, दोन, तीन, चार. बावीस वर्षांत इतकी नीट मांडलेली वस्तू त्यांच्या हातून गेली नव्हती. दोन पावलं मागे सरून त्यांनी ती पाहिली आणि अब्राहामला म्हणाले, "मार हँडल."

पहिल्या हँडलला गाडी शिंकली. दुसऱ्याला मागच्या नळीतून असा बार निघाला की कानिफनाथांच्या छपरावर कोंबड्या चढल्या आणि त्यांच्या कुडाच्या मागून रंगुबाई, कानिफनाथांच्या मंडळी, पदर खोचत बाहेर आल्या.

"भाऊ, गाडी दुरुस्त करताय का मोडताय, ते एकदा ठरवून सांगा. माजी कोंबडी अंड्यावर बसल्याली हाय."

"दुरुस्तच करतोय," शांतवनराव म्हणाले.

"मग मोडायला घेतली म्हंजी आधी सांगा. कोंबड्या मळ्यात नेते."

अब्राहामने आणखी चारदा हँडल मारलं. गाडी खोकली, धुरकटली, एकदा हँडलनेच त्याच्या मनगटाला उलटा झटका दिला, आणि गप्प झाली.

"आता तीनावर बी ऱ्हायली न्हाई," मनगट चोळत तो म्हणाला.

"ताल बी गेला," कानिफनाथ म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच ते जरा समाधानी दिसले.

ओट्यावर बसलेल्या कृपाने पत्र उघडलं, वाचलं, मिटलं. "बाबा, पावणेअकरा झाले. पाच म्हणजे पाच लिहिलंय त्यांनी." पोरगी बापावर गेली होती, आणि बापाला ते त्या वेळी फारसं आवडलं नाही.

मरियाबाई गाडीपाशी आल्या. "काढायच्या आधी कुठली वायर टोपीत कुठं होती, ते बघून ठेवलं होतं का?"

"त्यात बघायचं काय? एकानंतर दोन येतो."

"सगळीकडं येतो?"

बावीस वर्षांत असं एकही ठिकाण शांतवनरावांच्या पाहण्यात नव्हतं जिथे एकानंतर दोन येत नाही.

"पंगतीत बसलेल्या रांगेनंच वाढायचं असं असतं का?" मरियाबाई म्हणाल्या. "जो खोळंबलाय त्याला आधी वाढतो आपण. हिच्या पोटातही काही तरी रीत असेल की."

"पण ती कळायची कशी?" हे विचारताना शांतवनरावांचा आवाज बदलला. राग गेला आणि त्याच्या जागी नुसती उत्सुकता येऊन बसली. ही खूण मरियाबाई ओळखत होत्या, आणि तिला त्या रागापेक्षा जास्त भीत असत.

अब्राहाम मनगट चोळायचा थांबला. "आमच्या कंपनीत एक फिटर हुता. त्यो प्लग काढून भोकावर आंगठा ठिवायचा, आन दुसरा हँडल फिरवायचा."

"कशाला?"

"म्या कधी इचारलंच न्हाई. म्या डायवर."

शांतवनरावांनी चारही प्लग पुन्हा काढले आणि पहिल्या भोकावर स्वतःचा अंगठा दाबला. "फिरव हळू." अब्राहामने हँडल फिरवलं. काही नाही. आणखी अर्धा फेरा. मग आतून कोणी तरी फुंकर घालावी तशी हवा अंगठ्याला लोटून फुस्सकन बाहेर आली. शांतवनरावांनी अंगठ्याकडे पाहिलं, मग भोकाकडे, मग बायकोकडे.

"हा इथे कामाला उभा राहिला," ते हळूच म्हणाले. "ही याची पाळी. मरिया, तू दोनावर ये. कानिफनाथ, तीन. चौथा अंगठा कुठाय?"

चौथा अंगठा रंगुबाईंचा होता आणि तो मिळवायला वेळ लागला. "म्या न्हाई घालायची बोट. आत वढलं तर?"

"नुसती हवा आहे, रंगुबाई."

"मगाशी बार उडाला तवा बी नुसती हवाच हुती का?"

शेवटी चौघं चार बाजूंनी बॉनेटमध्ये वाकली. रस्त्याने जाणाऱ्याला चौघांचं काही तरी गाडीत पडलंय असं वाटलं असतं. अब्राहाम हँडल फिरवू लागला.

"आलं," शांतवनराव म्हणाले.

मरियाबाई वाट पाहत होत्या. त्यांच्याकडे काहीच आलं नाही. पलीकडे कानिफनाथ म्हणाले, "हितं आलं."

"अगं बया," रंगुबाईंनी अंगठा झटकला. "मला बी आलं."

"आता माझं," मरियाबाई शांतपणे म्हणाल्या.

शांतवनरावांनी भुवया वर नेल्या. "पुन्हा."

पुन्हा तेच. एक, तीन, चार, दोन. तिसऱ्यांदाही तेच. "रंगुबाई, चार दोनाच्या आधी कसा येईल? तुम्ही घाई करताय."

"हवा का माजी हाय घाई कराया?"

शांतवनरावांनी माणसं बदलून पाहिली. रंगुबाईंना दोनावर घातलं, मरियाबाईंना चारावर. आता मरियाबाई आधी म्हणाल्या आणि रंगुबाई शेवटी. म्हणजे दोष माणसांचा नव्हता. आतल्या लोखंडानेच एकाला हाक मारून झाल्यावर दोनाला डावलून तिसऱ्याला उठवायचं ठरवलेलं होतं.

"एक-तीन-चार-दोन, एक-तीन-चार-दोन," कानिफनाथ मडगार्डवर थाप देत म्हणाले. "बसतंय की. लई सरळ बसतंय."

शांतवनरावांनी अजून सहा वेळा हँडल फिरवायला लावलं. आता काही तपासायचं नव्हतं, त्यांना नुसतं बघायचं होतं. अंगठ्याखाली ती फुंकर आली की त्यांच्या चेहऱ्यावर जे येई ते मरियाबाईंनी लग्नाच्या दिवशीही पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"बाबा," कृपा म्हणाली, "साडेबारा."

सगळं एक-तीन-चार-दोन बसवलं आणि अब्राहामने हँडल मारलं. गाडी लागली. धड-धड-धड, गिळला. धड-धड-धड, गिळला.

"आली," अब्राहाम आनंदाने म्हणाला. "तीनावर आली. चला बसा."

"थांब. कोणता ते राहिलंय अजून."

"अहो, आता पुरे," मरियाबाई म्हणाल्या.

"पाच मिनिटं. भांडारात बारा हमाल होते. त्यातला एक जण कामात अंग काढतो असा संशय होता, पण कोण ते कळेना. मी काय केलं, रोज एकेकाला सुट्टी दिली. ज्याच्या सुट्टीत कामाला काही फरक पडणार नाही तो माझा माणूस."

"मग कोण निघाला?"

"मुकादम."

हीच युक्ती त्यांनी गाडीला लावली. गाडी चालू असताना एकेका प्लगची वायर उपटायची आणि ठोके ऐकायचे. पहिली वायर कानिफनाथांनी नुसत्या हाताने उपटली आणि झटक्यासरशी ते दोन हात मागे जाऊन बसले. "ह्यो जिता हाय," बोटं चोळत ते म्हणाले. मग मरियाबाईंनी लाटणं आणून दिलं. लाटण्याने पहिली वायर काढली की गाडी मरायला टेके. तिसरीचं तेच, चौथीचं तेच. दुसरी काढली तर गाडी जशी होती तशीच चालत राहिली. परत लावली, तरी तशीच.

"दोन," शांतवनराव म्हणाले. एवढं सुख त्यांना पेन्शनीच्या पहिल्या दिवशी झालं नव्हतं.

दुसरा प्लग काढून त्यांनी उन्हात धरला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि फिरवत फिरवत पाहिला. पांढऱ्या चिनी मातीच्या अंगावर केसाएवढी चीर होती. एकामागून एक सगळ्यांनी ती पाहिली. रंगुबाईंना दिसली नाही, पण त्यांनी दिसली म्हणून सांगितलं.

मिरजगावात तेव्हा रॉकेल मिळे, गूळ मिळे, बैलांच्या घुंगरमाळा मिळत. प्लग नगरला मिळे.

"म्हंजी आता कसं जायाचं?" अब्राहामने विचारलं.

"तीनावर," शांतवनराव म्हणाले.

अब्राहामने आपल्या बहिणीकडे पाहिलं. "सकाळी आठ वाजता म्या हेच म्हनत हुतो."

"सकाळी तुला कोणते तीन ते माहीत नव्हतं," शांतवनराव म्हणाले. "आता आपल्याला माहीत आहे."

पावणेदोन वाजले होते. अब्राहामने टाकीत काडी घालून पेट्रोल पाहिलं. एवढा वेळ गाडी जागच्या जागी चालवल्याने ते उतरलं होतं, पण नगरपर्यंत पुरेल असं तो म्हणाला. पुढे अब्राहाम आणि कृपा, मागे मरियाबाई, शांतवनराव आणि त्यांच्यामध्ये कानिफनाथ, असं सगळं बसलं. कानिफनाथांना शांतवनरावांनीच बोलावलं होतं. वाटेत आणखी एखादा ठोका गेला तर तो गेल्याचं कळायला कान हवा होता.

सपाटीला गाडी बरी चालली. गावाबाहेरचा ओढा ओलांडून चढ लागला तशी ती हळू झाली, मग आणखी हळू, आणि निम्म्यावर येऊन थांबली. अब्राहामने ती मागे घरंगळत ओढ्यापर्यंत नेली, जोर धरून पुन्हा घातली. पुन्हा निम्म्यावर. तिसऱ्यांदा निम्म्याच्याही अलीकडे.

"आणखी एक गेला का?" शांतवनरावांनी विचारलं.

कानिफनाथांनी डोळे मिटले. "न्हाई. तिन्ही बरूबर हायती. वजन झालंय."

"कुनी तरी उतरा," अब्राहाम म्हणाला. "आन एका चढानं भागायचं न्हाई. म्होरं रुईछत्तिशीच्या अंगाला आजून चढ हायती."

कृपाने पत्र उघडलं नाही, नुसतं मुठीत धरलं.

शांतवनरावांनी गाडीतल्या माणसांकडे एकेक करून पाहिलं. गाडी अब्राहामच चालवणार. कृपासाठी तर चाललेलंच. ट्रंकेत तिचे कपडे. दवाखान्यात मेट्रनबाईंशी दोन शब्द नीट बोलायला मरियाबाई हव्या. आपण बोललो तर आपण त्यांना खाटा किती आहेत ते विचारत बसू, हे त्यांना ठाऊक होतं. कानिफनाथांचा कान हवा. त्यांनी तेच सगळं उलट्या बाजूने, मागून पुढेही पाहिलं. मग दार उघडून ते खाली उतरले.

"पाहू तरी," ते म्हणाले.

अब्राहामने गाडी घातली. धड-धड-धड, गिळला, धड-धड-धड, गिळला, आणि ती चढाच्या माथ्यापर्यंत एका दमात गेली. माथ्यावर जरा रेंगाळली. कृपाने खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओरडून काही तरी विचारलं. शांतवनरावांनी दोन्ही हातांनी 'जा, जा' अशी खूण केली. तिचा हात दिसेनासा होईपर्यंत बाहेरच होता.

पावणेपाचला कृपा दवाखान्याच्या फाटकात ट्रंकेसह उभी राहिली, हे त्यांना रात्री गाडी परत आल्यावर कळायचं होतं. आत्ता ते रस्त्याच्या कडेला उभे राहून गाडीचा आवाज ऐकत होते. एक, तीन, चार. लांब गेल्यावर मधली ती रिकामी जागा ऐकूच येत नव्हती.

नगरकडून कडब्याची गाडी घेऊन गावातला श्रीमंत नावाचा गाडीवान चढ उतरत आला. त्याने बैल आवरले.

"साळवेभाऊ, ती वर भेटलेली मोटार तुमचीच न्हवं?"

"माझीच."

"मग तुमी हितं का हुभं?"

"तपासून पाहिलं," शांतवनराव म्हणाले. "मी उतरलो की नीट चालते."